चरबीचं बायोडिझेल: एका लिटरला खरा खर्च किती?

चिकन सेंटर चालवणाऱ्याच्या मनात हा हिशेब कधी ना कधी येतोच. रोज बादल्या भरून चरबी आणि कातडी दुकानाबाहेर जाते, ती उचलणाऱ्याला वर पैसे द्यावे लागतात. तिचंच डिझेल केलं तर कोंबड्या आणणारा टेम्पो फुकटात चालेल. केरळात वायनाड जिल्ह्यातल्या पूकोडच्या पशुवैद्यक महाविद्यालयात डॉ. जॉन अब्राहम यांनी ब्रॉयलर कोंबडीच्या टाकाऊ चरबीपासून बायोडिझेल करून दाखवलं आणि २०१४ साली केलेल्या अर्जावर त्यांना जुलै २०२१ मध्ये पेटंट मिळालं. तेव्हा ‘असं होतं का?’ हा प्रश्न आता उरलेला नाही. लिटरमागे किती रुपये पडतात आणि ते कुणाला परवडतं, एवढंच पाहायचं आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हा खर्च कोंबडी कापल्यानंतरच्या पहिल्या चार-सहा तासांत ठरतो. पुढे कितीही महागडं यंत्र आणलं तरी त्या तासांत केलेली हयगय भरून निघत नाही. कशी, ते पाहू.

चरबी मिळते किती

आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाइकांना कोंबडी सोललेली लागते, म्हणून कातडी दुकानातच राहते. दोन किलोच्या पक्ष्यात पोटातली चरबी ४०-५० ग्रॅम आणि कातडी दीडशे ग्रॅमच्या आसपास निघते. पोटातल्या चरबीचा बराचसा भाग कढवल्यावर हाती येतो. कातडीचा तिसरा हिस्सा आला तरी पुष्कळ. म्हणजे रोज शंभर पक्षी विकणाऱ्या दुकानातून कढवून गाळलेली चरबी आठ किलोच्या घरात मिळते. तिचं डिझेल आठ-साडेआठ लिटर. पिसं, आतडी, डोकी, पाय यांचं वजन यात धरू नका; त्यांचा उपयोग वेगळा आहे. आठवडाभर स्वतःच्या दुकानात चरबी आणि कातडी वेगळी काढून काट्यावर टाका आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा राहणार आहे.

मटणाच्या आणि म्हशीच्या चरबीचंही बायोडिझेल होतं. मात्र ती जास्त घट्ट असते आणि तिचं डिझेल थंडीत लवकर गोठतं. महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही मार्च २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे मोठ्या जनावराची चरबी घेताना ती कुठल्या कत्तलखान्यातून आली याची पावती ठेवायलाच हवी. पावतीचं आणखी एक कारण आहे. जनावरांची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचं प्रकरण १९८३ साली देशभर गाजलं आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. तेव्हापासून या मालाकडे संशयानं पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. तुमच्याकडून निघालेला प्रत्येक किलो कुठे गेला, हे वहीत दिसलं पाहिजे.

शंभर किलोचा घाणा

आता खर्च मांडू. चरबीत मिथेनॉल आणि प्रक्रिया घडवणारा कॉस्टिक पोटॅश घालून ढवळलं की डिझेल आणि ग्लिसरीन तयार होतं, हीच ती नेहमीची प्रक्रिया. लागणाऱ्या मालाची मापं रसायनशास्त्रानं ठरवलेली आहेत, ती फारशी हलत नाहीत. दर मात्र मी हिशेबासाठी गोल धरले आहेत. तुमच्या भागातले दर घालून हीच मांडणी पुन्हा करा. चरबी ताजी आहे, कढवून पाणी पूर्ण उडवलेलं आहे आणि तिच्यातलं मुक्त मेदाम्ल (चरबी फुटून सुटलेलं आम्ल) दोन टक्क्यांच्या आत आहे, असं समजू.

कढवून गाळलेली चरबी १०० किलो, ५० रुपये दरानं: ५,०००
मिथेनॉल २२ किलो, ४५ रुपये दरानं: ९९०
कॉस्टिक पोटॅश १.६ किलो, १२० रुपये दरानं: १९०
वीज २० युनिट, १० रुपये दरानं: २००
धुण्याचं पाणी आणि सांडपाण्याची विल्हेवाट: १००
एक माहीतगार माणूस आणि एक मदतनीस, एक दिवस: १,२००
एकूण: ७,६८० रुपये

यातून धुऊन, सुकवून साधारण ९२ किलो, म्हणजे १०५ लिटर बायोडिझेल मिळेल. लिटरला ७३ रुपये पडले. गरम करण्याची टाकी, ढवळणारा पंप, निवळण्याच्या टाक्या, गाळण्या, स्फोटरोधक मोटर असं किमान नीटनेटकं सामान चार लाखांत बसवलं आणि वर्षाला अडीचशे घाणे काढले, तर पाच वर्षांत त्याचे लिटरमागे तीन रुपये होतात. व्याज आणि दुरुस्तीचे दोन रुपये धरा. ७८ झाले.

पंपावर डिझेल ९० रुपये धरलं तर बारा रुपये सुटले असं वाटतं. पण लिटरला लिटर तोलून पाहिलं तर बायोडिझेलमध्ये ऊर्जा आठ टक्क्यांच्या आसपास कमी असते. तेवढंच काम करायला ते जास्त जळतं. म्हणजे त्याची खरी किंमत ८३ रुपयांच्या आत-बाहेर. लिटरमागे पाच रुपये राहिले, दिवसाच्या घाण्यामागे पाचशे. एक घाणा काही कारणानं बिघडला की दोन आठवड्यांची ही कमाई जाते.

‘पण चरबी तर माझीच आहे, तिचे पाच हजार कशाला धरायचे?’ असं अनेकांना वाटतं. हीच या धंद्यातली सर्वांत महाग समजूत आहे. कढवलेल्या चरबीला साबणवाले, पशुखाद्यवाले आणि बायोडिझेलचे कारखाने गिऱ्हाईक आहेत. विमानासाठीचं पर्यायी इंधन आणि अमेरिकेतलं ‘रिन्यूएबल डिझेल’ यांसाठीही जगभर चरबीला मागणी वाढली आहे. जी वस्तू ५० रुपयांना विकता आली असती ती तुम्ही टाकीत ओतता, तेव्हा ते पैसे खर्चच झालेले असतात. आणि ती न विकता दुकानात तशीच सडत असेल, तर तिचं डिझेलही धड होणार नाही.

शिळ्या चरबीचा दंड

कोंबडीच्या आतड्यांत चरबी फोडणारी विकरं असतात. आतडी, रक्त, पाणी आणि चरबी एकाच पिंपात दुपारभर उन्हात राहिली की चरबीचे रेणू फुटतात आणि मुक्त मेदाम्ल वाढत जातं. ताज्या चरबीत ते एक-दोन टक्के असतं. दोन दिवसांच्या मिसळ-कचऱ्यातून काढलेल्या चरबीत दहा टक्क्यांवर सहज जातं.

कॉस्टिक पोटॅशला हे मेदाम्ल दिसलं की ते आधी त्याच्याशी साबण करतं. साबण झाला की डिझेल आणि ग्लिसरीन वेगळे व्हायला तयार नसतात, धुताना सगळा दह्यासारखा फेस होतो आणि चांगलं डिझेलही त्याच्याबरोबर वाहून जातं. उपाय आहे: आधी गंधकाम्ल आणि जास्तीचं मिथेनॉल घालून मेदाम्लाचंच डिझेल करून घ्यायचं, मग नेहमीची प्रक्रिया. दहा टक्के मेदाम्लासाठी या पहिल्या पायरीला आणखी बावीस किलोच्या आसपास मिथेनॉल लागतं. वरच्याच मांडणीत त्याचे ९९० रुपये, आम्लाचे ५०, जादा विजेचे १०० आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे ६०० मिळवा. बेरीज ९,४२० वर जाते, डिझेल मात्र ९८ लिटरच मिळतं. लिटरला ९६ रुपये, यंत्राचे पाच धरून १०१. पंपावरच्या डिझेलपेक्षा महाग.

म्हणून यंत्रासाठी कर्ज काढायच्या आधी एक साधी चाचणी शिकून घ्या. एक मिलिलिटर वितळलेली चरबी दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाका आणि एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवलेलं द्रावण थेंबाथेंबानं सोडा. गुलाबी रंग येऊन टिकला की थांबा. प्रत्येक मिलिलिटरमागे मेदाम्ल साधारण अर्धा टक्का. पाच मिलिलिटरच्या आत रंग आला तर चरबी थेट वापरता येईल, त्यापुढे गेला तर आम्लाची पायरी लागेल. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतली मुलं अशा चाचण्या प्रयोगशाळेत करतात. लागणारं सामान शाळा-कॉलेजला माल पुरवणाऱ्या दुकानात हजार-दीड हजारात मिळतं. मी तर म्हणेन, चरबी विकणाऱ्यानंही ही चाचणी शिकावी. कमी आम्लतेच्या मालाला जास्त दर मागण्याचा तो पुरावा आहे.

चरबी ताजी ठेवणं अवघड नाही. कापतानाच चरबी-कातडीसाठी झाकणाची वेगळी बादली ठेवायची, तिच्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि दुपारपर्यंत ती डीप फ्रीजरमध्ये टाकायची किंवा त्याच दिवशी कढवायची. कढवताना तापमान ११० ते १२० अंशांवर नेऊन बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं की पाणी उडतं. पाणी राहिलं का, हे तापलेल्या पळीवर थेंब टाकून कळतं. तडतडला तर अजून कढवा. वास मात्र खूप येतो, आणि लोकवस्तीत चरबी कढवण्याचा उद्योग बहुतेकदा शेजाऱ्यांच्या तक्रारीवरच बंद पडतो. ही भट्टी गावाबाहेर, परवान्यानं आणि वास शोषणाऱ्या यंत्रणेसह असेल तरच चालते.

मिथेनॉल: इथे काटकसर नको

यूट्यूबवर घरगुती बायोडिझेलचे व्हिडिओ पाहून स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर प्रयोग करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: करू नका. मिथेनॉल ६५ अंशांला उकळतं, त्याची वाफ ठिणगीवर पेटते आणि भर उजेडात त्याची ज्योत धड दिसत नाही. ते श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं. पोटात गेलेलं थोडंसंही दृष्टी घालवतं, जीवही घेतं. मुंबईत मालवणी इथे २०१५ च्या जून महिन्यात विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं दगावली, ती मिथेनॉलमुळे. म्हणूनच ते विकत घ्यायला, साठवायला आणि वापरायला परवाना लागतो आणि प्रत्येक लिटरची नोंद ठेवावी लागते. परवान्याशिवाय ‘ड्रम मिळवून देतो’ म्हणणाऱ्याकडून ते घेऊ नका.

बंद टाकी, वाफ थंड करून मिथेनॉल परत मिळवणारा कंडेन्सर, स्फोटरोधक मोटर, रसायनाला टिकणारे हातमोजे, चष्मा, अल्कोहोलला टिकणाऱ्या फोमचं अग्निशामक, खेळती हवा. यांतलं काही कमी करून खर्च वाचवायचा असेल तर हा धंदा सोडून द्या. कंडेन्सरचा तर उलट फायदाच आहे. टाकलेल्या २२ किलोपैकी प्रत्यक्ष प्रक्रियेत ११ किलोच्या आसपास वापरलं जातं. उरलेल्यातलं बरंच परत मिळवता आलं तर लिटरमागे तीन-चार रुपये वाचतात.

घाण्याच्या तळाशी राहणाऱ्या तपकिरी ग्लिसरीनचं उत्पन्न मी शून्य धरलं आहे. त्यात मिथेनॉल, साबण आणि कॉस्टिक असतं. ते शुद्ध करणं छोट्या कारखान्याला झेपत नाही, आणि त्याचा हात धुण्याचा साबण करून विकणं धोक्याचं आहे. ते गटारात किंवा ओढ्यात सोडणं गुन्हा आहे. डिझेल धुतलेलं साबणाचं पाणीही तसंच सोडता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती उभारणीआधी एकदा आणि चालवण्याआधी पुन्हा घ्यावी लागते. या दोन्ही कामांत महिने जातात, तोवर जागेचं भाडं चालू राहतं. तेही खर्चाच्या वहीत लिहा.

मोठा कारखाना

दिवसाला पाच टन चरबी घेणारा कारखाना असेल तर चित्र बदलतं. मिथेनॉल टँकरनं, ३५ रुपयांच्या दरानं धरू, आणि परत मिळवल्यामुळे शंभर किलोला १३ किलोच लागेल. दहा माणसांची मजुरी पाच टनांवर पसरते. कॉस्टिक, वीज, पाणी सगळं धरून शंभर किलोला सहा हजार रुपये, लिटरला ५६-५७. चार कोटींच्या गुंतवणुकीचं व्याज आणि घसारा मिळवून ६१-६२. यातले जवळपास ४७ रुपये एकट्या चरबीचे आहेत. चरबी किलोला पाच रुपयांनी महागली की डिझेल लिटरला पावणेपाच रुपयांनी महागतं. कारखानदाराच्या हातात उरलेले चौदा-पंधरा रुपयेच असतात.

आणि पाच टन चरबी रोज आणायची कुठून? दुकानाला आठ किलो धरले तर सव्वासहाशे दुकानं झाली. सकाळी कापलेली चरबी दुपारच्या आत त्या सगळ्यांकडून वेगळी उचलायची, थंड गाडीतून. पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरात दुकानं तेवढी आहेत. नसतो तो असा उचलीचा नियम. बहुतेक ठिकाणी आतडी-पिसांसकट सगळं एकाच गाडीत जातं, नाहीतर बेकायदा मांगूर माशांच्या तळ्यांत ओतलं जातं.

विक्रीचा दरही पंपाचा नसतो. राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे आणि सरकारी तेल कंपन्या त्यासाठी निविदा काढून माल घेतात. वापरलेल्या खाद्यतेलाच्या बायोडिझेलसाठी २०१९ साली त्यांनी जी योजना जाहीर केली, तिच्यात पहिल्या वर्षाचा दर लिटरला ५१ रुपये होता. तेल कंपन्यांना मिश्रणासाठी दिलेल्या बायोडिझेलवरचा जीएसटी २०२१ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. निविदेतला चालू दर पाहूनच कारखान्याचा आराखडा करा. पंपावरचा फलक पाहून नको.

माल आयएस १५६०७ या मानकात बसायला हवा. एस्टर (म्हणजे प्रत्यक्ष बायोडिझेल) किमान ९६.५ टक्के, पाणी किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत, आम्लांक ०.५ च्या आत, अशी त्यात लांबलचक यादी आहे. संपूर्ण चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करावी लागते आणि ती स्वस्त नाही. कोटेशन आधी मागवा. रोजच्या कामासाठी एक सोपी परीक्षा पुरते: तीन मिलिलिटर डिझेल सत्तावीस मिलिलिटर मिथेनॉलमध्ये हलवा. तळाशी थेंब बसला तर चरबी अर्धवट राहिली आहे. चरबीच्या डिझेलला थंडीचाही विचार करावा लागतो. मोठ्या जनावराच्या चरबीचं डिझेल पंधरा अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागतं, कोंबडीचं त्यापेक्षा बरंच खाली. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या पहाटे निव्वळ चरबीच्या डिझेलवर ट्रॅक्टर सुरू होणार नाही, फिल्टर तुंबेल.

कुणी काय करावं

दिवसाला पाचशेपेक्षा कमी पक्षी विकणाऱ्या दुकानदारानं बायोडिझेल करण्याच्या फंदात पडू नये. दहा-बारा दुकानांनी मिळून एक डीप फ्रीजर आणि एक उचल-गाडी ठरवावी, चरबी वेगळी द्यावी आणि आम्लता मोजून दर घ्यावा. यात गुंतवणूक पंचवीस-तीस हजारांची आणि धोका जवळजवळ नाही.

ज्यांना फक्त उष्णता हवी आहे, म्हणजे स्वतःचा बॉयलर असलेले कोंबडी-प्रक्रिया कारखाने, त्यांनी स्वच्छ चरबी थेट बर्नरमध्ये जाळण्याचा पर्याय आधी तपासावा. चरबी तापवून पातळ ठेवणारी टाकी आणि योग्य बर्नर लागतो, इंधन म्हणून प्रदूषण मंडळाची मंजुरी लागते. पण मिथेनॉल, कॉस्टिक, सांडपाणी ही सगळी झंझट वाचते. माझ्या मते टाकाऊ चरबीचा हा सर्वांत किफायतशीर उपयोग आहे आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

जनरेटर किंवा जुनं शेतीपंपाचं इंजिन चालवायचं असेल तर मानकात बसणारं बायोडिझेल वीस टक्क्यांपर्यंत मिसळून सुरुवात करावी, रबरी नळ्या आणि फिल्टर पहिल्या महिन्यात दोनदा तपासावेत. बीएस-६ गाडीत मात्र कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच. देशातल्या डिझेलच्या मानकात सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. घरी केलेलं डिझेल नव्या गाडीत ओतून हमी घालवू नका.

आणि वाहतूकदारांनो, महामार्गावर कुणी ‘बायोडिझेल’ म्हणून पंपापेक्षा वीस रुपये स्वस्त माल देत असेल तर वरचा हिशेब आठवा. कर, वाहतूक आणि नफा धरला तर प्रामाणिकपणे केलेलं बायोडिझेल एवढं स्वस्त पडणं कठीण आहे. सौराष्ट्रात अशा नावाखाली भलतीच तेलं विकणाऱ्या ठिकाणांवर मोठ्या धाडी पडल्या आहेत. नोंदणी क्रमांक, जीएसटीचं बिल आणि त्या मालाचा चाचणी अहवाल मागा. तीनपैकी एक जरी नसेल तर टाकी भरू नका.

तुमच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत चिकन-मटण दुकानांचा कचरा उचलण्याची निविदा निघेल, तेव्हा नगरसेवकाला आणि आरोग्य खात्याला एकच अट घालायला सांगा: चरबी आणि कातडी वेगळ्या झाकणबंद पिंपात, रोज दुपारच्या आत उचलली जावी. ही अट असेल तर तुमच्या शहरात बायोडिझेलचा कारखाना चालू शकतो. ती नसेल तर अशा कारखान्यात पैसे घालू नका.